बाहेरची खोली

वाल्परायसोत, टेकडीच्या चौथ्या वळणावर
माझं दुरुस्तीचं दुकान. खाली बंदर,
वर पत्र्याची रंगीत घरं.
जागा संपली की इथली माणसं
घराला बाहेरून खोली जोडतात:
दोन खांब, चार फळ्या, एक खिडकी समुद्राकडे.
वारा सुटला की घर वेगळं हलतं, खोली वेगळी.
हे आधीच सांगून ठेवतो.

हिमेना बाएसा आली तेव्हा
आजारी मेंढी आणावी तसा
तिने टॉवर दोन्ही हातांत उचलून आणला होता.
"बोर्ड गेलाय," मी न उघडताच म्हणालो.
फुगून फुटलेल्या कपॅसिटरचा वास
मला दारातूनच कळतो.
"बोर्ड जाऊ दे. कार्ड?"

कार्ड होतं. तिसऱ्या खाचेत,
धुळीची गोधडी पांघरून, धडधाकट.
आठ तोंडांनी आवाज आत घेणारं.
त्याच्या जिवावर तिने तेरा वर्षं
गोदी कामगारांच्या मुलाखती टेपवरून उतरवल्या:
खोकले, शिव्या,
मध्येच कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज.

नवा कॉम्प्युटर तिने आधीच घेऊन टाकलेला.
पावाच्या लादीएवढा, गुळगुळीत.
मी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला,
खाच नाही, साधा स्क्रूसुद्धा नाही.
पाहुण्याला दारातच पाणी देऊन
वाटेला लावणारं घर.

"मग हे बसणार कुठे?"
"बाहेर." मी डबा काढून दाखवला.
पंखा त्याचा, वीज त्याची,
आणि एक जाड, आखूड केबल.
तिची किंमत ऐकून हिमेनाने
चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मग मी तिला खरं तेच सांगितलं.
पोटातलं कार्ड बोर्डाशी थेट बोलतं,
मध्ये दुभाषी नाही, निसटायला केबल नाही.
पण चूल एक, ऊब एक,
एकाला ताप आला की घरभर.
आणि घरच बसलं की सगळी उघड्यावर,
बघ, आता तुझं झालंय तसं.
डब्यातलं कार्ड म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड.
उद्या मशीन बदललंस तरी
याला त्याचं सुतक नाही.
पंख्याचा गोंगाट नको तर डबा शेजारच्या खोलीत ठेव
असं म्हणणार होतो, पण केबल हातभरच.
आणि बोर्डावर सोळा वाटा असतात,
या केबलीत चारच.

"आवाजाला सोळा लागतात?"
"आवाजाला एकही पुरते. चित्राला लागतात."
"मग मला कशाला सांगतोस?"
सवय, मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी रात्री,
जमीन जराशी हलली.
इथे असल्या हलण्याला कुणी
हातातला कप खाली ठेवत नाही.
हिमेनाचा फोन आला. दोनशे बारावी टेप.
एवारिस्तो नावाचा म्हातारा संपाची गोष्ट सांगत होता,
"तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की"
आणि केबल सुटली.
"पुन्हा लाव."
"टेपचा लेप गळून पडला, अन्सेल्मो.
ती एकदाच वाजणार होती."

बराच वेळ दोघंही गप्प.
"आत असतं तर सुटलं नसतं," ती म्हणाली.
"नसतं सुटलं."
आत असतं तर त्याला आत घेणारं मशीनच नव्हतं,
हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं.
बोललो नाही. खरं असलं तरी
प्रत्येक खरं फोनवर बोलायचं नसतं.

सकाळी पक्कड, पट्टी आणि दोन स्क्रू घेऊन
दीडशे पायऱ्या चढलो.
तिची कामाची खोली वडिलांनी घराला बाहेरून जोडलेली,
खांबांवर, खाली नुसती दरी.
टेबलाला पट्टी ठोकली,
डबा आवळला, केबल बांधली,
वरून माझ्याच बुटाची नाडी गुंडाळली.
खिडकीतून वारा येत होता
आणि पायाखालच्या फळ्या
आपापल्या मर्जीने हलत होत्या.

"किती झाले?" तिने विचारलं.
मी केबल पुन्हा एकदा
ओढून पाहिली.